गरम हवा कुणाकडे सोडायची?

माझ्या कॉम्प्युटरचा सीपीयू किती तापलाय, हे मला दर सेकंदाला कळतं. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात मी एक छोटा आकडा लावून ठेवलाय. ८५ अंशांच्या वर गेला की तो लाल होतो आणि टुणकन आवाज येतो. गेल्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी आजीला ओसरीत चक्कर आली, तेव्हा तो आकडा ७१ होता. मला तो अजून आठवतो, कारण आईची हाक ऐकून उठताना मी सवयीने एकदा कोपऱ्यात बघून घेतलं होतं.

खोलीचं तापमान किती होतं, ते मला सांगता येणार नाही. ते मोजायला घरात काहीच नव्हतं.

दवाखान्यात आजीला सलाईन लावलं. ऊन लागलं होतं. डॉक्टरांनी लिहिता लिहिता सहज विचारलं, "घरी कूलर नाही का?"

"आहे ना," मी म्हणालो.

मग ती ओसरीत काय करत होती, हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. संध्याकाळी आजी घरी आली, दुसऱ्या दिवशी पन्ह्यात साखर कमी पडली म्हणून आईवर चिडलीसुद्धा. तिच्यापुरता विषय संपला. माझ्यापुरता तो न विचारलेला प्रश्न राहिला.

*

पुलगाव वर्धा नदीच्या काठावर आहे. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे गेला तर ती बातमी नसते. दुपारी बारा ते चार रस्ते ओस पडतात, बाहेर पडावंच लागलं तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. कूलर ही आमच्याकडे चैनीची वस्तू नाही. होळीच्या आसपास तो माळ्यावरून उतरतो, त्याला नव्या ताट्या बसतात, आणि मग पावसाळ्यापर्यंत घरातले सगळे त्याच्या आवाजात झोपतात.

आमच्या घरात कूलर असलेली खोली एकच. दहा बाय दहाची, वर स्लॅब. खिडकीत कूलर. खिडकीला लागून माझं टेबल आणि त्यावर कॉम्प्युटर. समोरच्या भिंतीला, दाराजवळ, आजीची खाट. दार ओसरीत उघडतं.

मी घरूनच काम करतो. ऑफिसच्या लॅपटॉपशिवाय माझा स्वतःचा हा डेस्कटॉप आहे, नागपूरहून एकेक सुटा भाग आणून जोडलेला. त्याच्या ग्राफिक्स कार्डवर मी छोटी मॉडेल्स ट्रेन करतो. त्या कामाच्या पैशातून घराच्या कर्जाचा हप्ता जातो. म्हणून मशीन थंड ठेवणं हा माझा छंद होता आणि नाइलाजही.

कॅबिनेटमध्ये पुढून दोन पंखे हवा आत घेतात, मागून एक बाहेर फेकतो. पूर्ण लोडवर मशीन साधारण ३५० वॅट वीज खातं. त्या विजेतून कितीही हुशार गणितं झाली, तरी शेवटी ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीत येते. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो. म्हणजे आमच्या खोलीत आजी आणि मी असे दोघे दिसत असलो, तरी उष्णतेच्या हिशेबात आम्ही साडेपाच जण होतो.

आता हवेची वाट बघा. खिडकीतून कूलरची हवा आली की ती आधी मला आणि मशीनला लागायची. मशीन तिच्यात आपले साडेतीनशे वॅट मिसळायचं. मग ती आजीच्या खाटेवरून दाराबाहेर जायची. हा क्रम मी स्वतः ठरवला होता. टेबल कुठे ठेवायचं याचा विचार करताना मी एअरफ्लोचे कितीतरी व्हिडिओ बघितले होते. त्यांपैकी एकाही आकृतीत खाट नव्हती.

*

आपण 'थंड करणे' असं क्रियापद वापरतो. भौतिकशास्त्रात मात्र थंडी नावाची वस्तूच नाही. उष्णता इथून उचलून तिथे ठेवता येते, एवढंच. आणि उचलून ठेवायला पुन्हा ऊर्जा लागते, तिचीही उष्णताच होते. साधारण घरगुती एसी एक युनिट वीज खाऊन खोलीतली तीन युनिट उष्णता उचलतो आणि बाहेरच्या बाजूला चार युनिट फेकतो. एसीच्या बाहेरच्या डब्यासमोरून उन्हाळ्यात चालत गेलेल्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

कूलरची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे उष्णता पाणी घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात. या हिशेबाने माझं मशीन दहा तास पूर्ण लोडवर चाललं, तर त्याची उष्णता शोषायला सव्वापाच लिटर पाणी उडून जावं लागेल. हा आकडा काढून मला आधी मजा वाटली. मग लक्षात आलं की कूलरमध्ये पाणी आई भरते. बादलीने. म्हणजे माझ्या मशीनची उष्णता रोज थोडी आईच्या खांद्यावरूनही जात होती.

प्रत्येक थंड जागेला एक मागची बाजू असते. पुढे बसणाऱ्याला ती दिसत नाही, मागे बसणाऱ्याला दुसरं काही दिसत नाही.

*

धुळीचंही तेच. धूळ नष्ट होत नाही, जागा बदलते. हे मला शिकवलं शेजारच्या काकूंनी.

पुलगावच्या धुळीत काळी माती असते आणि कापूस असतो. हिवाळ्यात कापसाच्या गाड्या भरून जातात, तेव्हा हवेत तंतू तरंगतात. ते पंख्यातून आत जाऊन हीटसिंकच्या पात्यांमध्ये अडकतात आणि त्यांच्यावर माती बसते. दोन महिन्यांत करड्या नमद्यासारखा थर तयार होतो. कूलरची दमट हवा असेल तर तो थर लगद्यासारखा चिकटतो. मग पंखे जोरात ओरडतात आणि हवा मात्र जात नाही.

उपाय सगळ्यांना माहीत आहेत. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. हवा आत घेणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवावेत, म्हणजे आतला दाब किंचित जास्त राहतो आणि फटींमधून धूळ आत शिरण्याऐवजी हवा बाहेर निघते. पुढच्या पंख्यांवर बारीक जाळी लावावी. मी मच्छरदाणीचा तुकडा लावलाय. जाळी दर आठवड्याला धुवावी, नाहीतर तीच हवा अडवते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बिघडतं.

मार्चमधल्या एका सकाळी हे सगळं नीट पाळून मी कॅबिनेट अंगणात नेलं, उघडलं आणि ब्लोअर सुरू केला. ढग उठला. खोलीत धूळ नको म्हणून तर अंगणात आणलं होतं, त्यामुळे मी स्वतःवर खूश होतो. कुंपणापलीकडे काकूंनी खाटेवर पांढरं धोतर अंथरून कुरड्या वाळत घातल्या होत्या. वारा त्याच दिशेला होता.

काकू बाहेर आल्या, कुरड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काहून रे बाबू, तुया डब्यातली धूळ आता आमी तळून खायाची काय?"

मी हसलो, सॉरी म्हणालो. त्यांनी वरच्या कुरड्या बाजूला काढल्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे उठून घाटून केलेल्या कुरड्या. माझ्या साफसफाईला वीस मिनिटं लागली होती.

त्या दिवशी मला तो विनोदी प्रसंग वाटला. मित्रांना सांगितलाही. काकू ओरडल्या म्हणून तो प्रसंग झाला, हे तेव्हा कळलं नाही. आजी ओरडली नाही.

*

यंत्रासाठी माणसाने सरकून बसण्याची गोष्ट माझ्या खोलीत सुरू झाली नाही. ती थंड हवेच्या जन्मापासूनची आहे.

आधुनिक एअर कंडिशनिंगची पहिली यंत्रणा विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी आखली. छापखान्यातली माणसं उकाड्याने हैराण होती म्हणून नव्हे. दमट हवेत कागद फुगायचा, आकसायचा आणि रंगीत छपाईतले रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत, म्हणून. थंड हवा पहिल्यांदा कागदाला मिळाली.

'एअर कंडिशनिंग' हा शब्द तर आमच्या कापूसपट्ट्याला आणखी जवळचा. १९०६ मध्ये तो स्टुअर्ट क्रेमर या कापडगिरण्यांसाठी काम करणाऱ्या अमेरिकन अभियंत्याने वापरात आणला. कापसाचा धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो आणि तुटतो. म्हणून गिरण्यांमध्ये हवेत पाण्याचे फवारे सोडून ती दमट ठेवायची पद्धत होती. दमट हवेत धागा तुटत नाही. पण घाम वाळत नाही आणि उकाड्यात माणूस तुटतो. धाग्याला जी हवा मानवते तीच माणसाला मारक ठरते, अशी ती अडचण होती. जगभरच्या गिरण्यांनी कितीतरी वर्षं ती धाग्याच्या बाजूने सोडवली. सुताच्या धुळीचंही तसंच. वर्षानुवर्षं कापसाची धूळ श्वासात गेलेल्या कामगारांना बिसिनोसिस नावाचा फुफ्फुसांचा आजार होतो. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते, म्हणून त्याला 'सोमवारचा ताप' असंही म्हणत.

आपल्याकडच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात लागोपाठ तीन कलमं होती: तेरावं हवा आणि तापमानाचं, चौदावं धुळीचं, पंधरावं कृत्रिम दमटपणाचं. मी ती वाचली तेव्हा वाटलं, कुणीतरी माझ्या दहा बाय दहाच्या खोलीचं वर्णन लिहून ठेवलंय. गंमत अशी की धाग्याला हवा मिळावी म्हणून कायदा करावा लागला नाही. धागा तुटला की मालकाला लगेच कळायचं.

आजही सर्व्हरच्या खोल्यांसाठी आत जाणारी हवा १८ ते २७ अंशांदरम्यान ठेवावी, अशी अ‍ॅशरे या अमेरिकन संस्थेची शिफारस आहे आणि डेटा सेंटरवाले ती मनावर घेतात. यंत्राला आकडा आहे, अलार्म आहे. शिवाय त्याच्यात थ्रॉटलिंग आहे: चिप ९५-१०० अंशांच्या आसपास गेली की ती स्वतःच वेग कमी करते. कुणाची परवानगी मागत नाही. भर उन्हात स्लॅब टाकणाऱ्या मजुराने असा वेग कमी केला तर त्याची मजुरी कापली जाते. म्हणजे स्वतःला वाचवण्याचा हक्क आपण सिलिकॉनच्या तुकड्याला कारखान्यातूनच देऊन पाठवतो.

*

आता माझ्या बाजूने एक मुद्दा मांडायला हवा, कारण तो खोटा नाही. ते मशीन घर चालवतं. ते जळलं तर हप्ता थकेल, आणि हप्ता थकला तर आजीची खाटही त्या खोलीत राहणार नाही. मग थंड हवा आधी मशीनला, हे गणित वाटतं तितकं निर्दय आहे का?

दुसरा मुद्दा आजीने स्वतः मांडला. दवाखान्यातून आल्यावर मी तिला विचारलं, तू बाहेर का बसायचीस? मला आधी वाटायचं, तिला ओसरीतून रस्ता बघायला आवडतो. तसं ती सांगायचीही.

"तुयं मशीन तापलं त काम बंद पडन नं," ती म्हणाली. "अन् आत त्याची वाफ लागे तोंडावर. मले काय, मी कुठंही बसतो."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. तिने विचार करून जागा सोडली होती. मग यात माझी चूक कुठे? तिची संमती होती.

या शब्दापाशी मी बरेच दिवस अडकलो. आजीची संमती खरी होती, यात शंका नाही. पण तिने आयुष्यभर हेच केलंय. आधी पुरुषांची पंगत उठू दिली, पोळी शेवटची घेतली, गाडीत "थोडं सरका" म्हटलं की सगळ्यात आधी ती सरकते. जी व्यक्ती नेहमीच सरकते, तिचं सरकणं ही संमती आहे की सवय, हे बाहेरून ओळखता येत नाही. कदाचित आतूनही येत नसेल. आणि आपल्याला ते ओळखायची घाई नसते, कारण तिच्या सरकण्याने झालेली जागा आपल्याला मिळते. काकूंची हरकत मला ऐकू आली, कारण त्या कुंपणापलीकडे होत्या. घरातल्या माणसाची हरकत प्रेमाच्या नावाखाली दाबली जाते. दाबणारा तोच, ज्याच्यावर ते प्रेम आहे.

आमच्याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे. १९३६ पासून गांधी तिथे राहिले. ते यंत्रांचे सरसकट विरोधक, अशी शाळेपासून आपली समजूत. पण १९२४ मध्ये 'यंग इंडिया'त आलेल्या एका संवादात त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला होता. बायकोचे शिवणकामाचे कष्ट बघून सिंगरने ते प्रेमापोटी बनवलं, असं ते सांगत. ती गोष्ट इतिहास म्हणून किती नेमकी आहे, यापेक्षा त्यातली कसोटी मला महत्त्वाची वाटते: यंत्र चालवताना डोळ्यांसमोर माणूस होता का? माझ्या डोळ्यांसमोर कोपऱ्यातला आकडा होता.

*

आणि तो आकडा नीट वाचला असता तरी पुरलं असतं. मशीन ७१ वर होतं. त्याची मर्यादा ९५. म्हणजे त्याच्याकडे चोवीस अंश शिल्लक होते. माणसाचं शरीर ३७ वर चालतं आणि ४० ला दवाखाना गाठावा लागतो. आजीकडे तीन अंश होते. आणि मी चोवीस शिल्लक असलेल्याला आणखी थंड करण्यासाठी तीन शिल्लक असलेलीचे अंश खर्च करत होतो.

मशीन विरुद्ध माणूस हा प्रश्नच तिथे नव्हता. घराचं उत्पन्न धोक्यात नव्हतं. धोक्यात होतं ते फक्त माझं समाधान, की माझा सीपीयू मित्राच्या सीपीयूपेक्षा सहा अंशांनी थंड चालतो. बरेचदा मोठ्या नैतिक पेचासारखं दिसणारं प्रकरण असंच असतं. कुणाकडे किती शिल्लक आहे, हे एकदा मोजलं की पेच उरत नाही. आपण मोजत नाही, कारण ज्याचं मोजायला हवं त्याला अलार्म नसतो.

मी खोली उलटी केली. आजीची खाट खिडकीकडे, मशीन दाराकडे. हवा आता आधी आजीला लागते, मग मशीनला, मग बाहेर. सीपीयू ७१ वरून ७९ वर गेला. काहीही बिघडलं नाही.

पण मागची बाजू संपली नाही, फक्त ओसरीत गेली. संध्याकाळी तिथे आई भाजी निवडायला बसते. म्हणून ग्राफिक्स कार्डची वीजमर्यादा सत्तर टक्क्यांवर आणली. काम थोडं उशिरा संपतं, उष्णता बरीच कमी होते. मोठी कामं रात्री अकरानंतर लावतो. आजीच्या उशाशी एक साधं डिजिटल थर्मामीटर टांगलंय. तिथला आकडा ३६ च्या वर गेला की मी मशीन थांबवतो. अलार्म आता तिच्या बाजूला आहे. धूळ मी घरातच, ओल्या वर्तमानपत्रावर, ब्रशने काढतो आणि कागद गुंडाळून टाकतो. वीस मिनिटांचं काम पाऊण तासाचं झालंय. ती जास्तीची पंचवीस मिनिटं आधीही कुणीतरी देतच होतं.

हे सगळं क्लाउडवर टाकलं की झालं, असं मित्र म्हणतो. खरंय, खोली थंड होईल. उष्णता मग नवी मुंबईतल्या कुठल्यातरी डेटा सेंटरच्या मागच्या बाजूने निघेल. विजेचं तर आधीच तसं आहे. चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्साच वीज होतो, उरलेली तिथल्याच हवापाण्यात जाते. माझ्या साडेतीनशे वॅटमागे सातशे वॅटची गरम हवा कुणीतरी आधीच सोसलेली असते. त्यांच्या उशाशी मला थर्मामीटर टांगता येत नाही.

म्हणून माझ्या हातात दोनच गोष्टी उरतात असं वाटतं. जी उष्णता तयार करायची गरज नाही ती न करणं. खरं 'थंड करणं' तेवढंच, बाकी सगळं हलवणं. आणि जी हलवावी लागेल, ती हलवताना मागच्या बाजूला जाऊन एकदा उभं राहणं. मी नऊ महिने त्या खुर्चीत बसलो होतो. खाटेवर बसून बघायला चार पावलं लागली असती.

यंदा जानेवारीत थंडी होती. एका रात्री मी मशीन लवकर बंद केलं. आजी ब्लँकेट गुंडाळून खाटेवरून उठली, कॅबिनेटच्या मागे येऊन तिने दोन्ही तळहात पंख्यासमोर धरले. हवा नव्हती.

"आज मशीन नाई लावली काय रे?"

मी परत सुरू केली. कोपऱ्यातला आकडा हळूहळू वर चढू लागला, आणि ती तिथेच एक स्टूल ओढून बसली.